टॉवरच्या बातमीत आकडा हवा

मराठी वृत्तपत्रांचे व वृत्तवाहिन्यांचे संपादक आणि वार्ताहर यांस,



मोबाइल टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या लहरी लोकवस्तीत किती तीव्र असाव्यात, याला भारतात मर्यादा घालून दिलेली आहे. दूरसंचार कंपन्यांवर ती बंधनकारक आहे आणि ती ओलांडल्यास दंड होतो. १ सप्टेंबर २०१२ पासून केंद्र सरकारने ही मर्यादा आधीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅट होती, ती ०.४५ वॅट झाली. १८०० मेगाहर्ट्झसाठी ९ वॅटची ०.९ झाली आणि २ गिगाहर्ट्झच्या पुढे १० वॅटची १ वॅट. टॉवरविषयीच्या मराठी बातम्यांत हे आकडे क्वचितच सापडतात. मथळ्यात ‘जीवघेणा किरणोत्सर्ग’ असतो, मजकुरात भयभीत रहिवासी असतात आणि शेवटच्या परिच्छेदात सर्व नियम पाळल्याचे कंपनीचे एका वाक्याचे उत्तर असते. गच्चीवर प्रत्यक्ष किती तीव्रता आहे आणि किती चालते, हे वाचकाला शेवटपर्यंत समजत नाही. त्या राहून जाणाऱ्या आकड्यासाठी हे पत्र आहे.

पहिली तक्रार शब्दाची. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द मराठी वाचकाने हिरोशिमा, चेर्नोबिल आणि फुकुशिमाच्या संदर्भात वाचलेला आहे. तारापूर आणि जैतापूरच्या बातम्यांतही तोच येतो. अणूच्या केंद्रकातून निघणारे किरण इतके जोरकस असतात की ते पेशीतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढतात आणि डीएनएची साखळी तोडू शकतात. त्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाजवळ ती दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणाजवळ मात्र ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपटीहूनही थोडी कमी भरते. अशा दोन टोकांच्या गोष्टींना एकच नाव दिले, की वाचकाच्या मनात टॉवर आणि अणुभट्टी शेजारी शेजारी जाऊन बसतात. शाळेच्या पुस्तकातला ‘विद्युतचुंबकीय प्रारण’ हा शब्द जड वाटत असेल तर ‘रेडिओ लहरी’ म्हणावे. ते अचूक आहे आणि सगळ्यांना समजते.

शब्द बदलला म्हणून या लहरी निरुपद्रवी ठरत नाहीत. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ही वारंवारता मोबाइल फोनच्या पट्ट्यांच्या शेजारचीच. ओव्हनमध्ये अन्न तापते, कारण अशा लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्या हालचालीची उष्णता होते. शरीरातही हेच घडते. कायद्यातली मर्यादा उभी आहे ती या उष्णतेच्या हिशेबावर.

तो हिशेब असा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले, की शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली जाऊ लागली, की शरीराचे तापमान साधारण एक अंशाने चढते आणि प्राण्यांच्या वागण्यात फरक पडू लागतो. अंदाजासाठी सांगायचे तर स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर स्वतःच दर किलोमागे सुमारे एक वॅट उष्णता तयार करत असते. रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडू न शकणाऱ्या, म्हणजे अनायनकारी, प्रारणापासूनच्या संरक्षणासाठी जर्मनीत मुख्यालय असलेला एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. ‘इक्नर्प’ या नावाने तो ओळखला जातो. १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याने ४ वॅटचा उंबरठा धरला आणि या लहरींजवळ काम करणाऱ्या कामगारांसाठी त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.४ वॅट, ठरवला. सर्वसामान्य जनतेत तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, आजारी आणि वृद्ध माणसे येतात आणि त्यांना आपण कशाच्या शेजारी राहतो याची कल्पनाही नसते. म्हणून त्यांच्यासाठी पन्नासावा भाग धरला, तो ०.०८ वॅट. २०२० मध्ये ही तत्त्वे सुधारली गेली. काही ठिकाणी सरासरी काढण्याचा काळ सहा मिनिटांऐवजी तीस मिनिटे झाला, पण ४ वॅटचा पाया आणि पन्नासावा भाग तसाच राहिला.

शरीरात किती वॅट शोषले जातात, ते गल्लीत उभे राहून मोजता येत नाही. म्हणून शरीराबाहेरच्या हवेत मोजता येईल असा आकडा काढला गेला. दर चौरस मीटरवर किती वॅट येऊन पडतात, हा तो आकडा. तो सगळ्या वारंवारतांना सारखा नसतो, कारण शरीर सगळ्या लहरी सारख्याच ओढून घेत नाही. उभ्या प्रौढ माणसाचे शरीर ७० मेगाहर्ट्झच्या आसपास अँटेनासारखे वागते आणि सर्वाधिक ऊर्जा शोषते. एफएम रेडिओ याच भागात येतो आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा तिथेच सर्वांत कडक आहे. वारंवारता वाढत जाते तशी लहर कातडीच्या वरच्या थरांतच अडते आणि मर्यादा सैल होते. भारताने २०१२ मध्ये स्वीकारलेले सूत्र सोपे आहे. ४०० ते २००० मेगाहर्ट्झच्या दरम्यान वारंवारतेला २००० ने भागायचे, की वॅटमधली मर्यादा मिळते. ७०० मेगाहर्ट्झला ०.३५, ९०० ला ०.४५, १८०० ला ०.९. त्यापुढे ३०० गिगाहर्ट्झपर्यंत सरसकट १ वॅट. ‘फाइव्ह-जीची वारंवारता जास्त, म्हणून धोकाही जास्त’ हे वाक्य मराठी बातम्यांत सर्रास येते. मर्यादेचा तक्ता नेमके उलट सांगतो. फाइव्ह-जीच्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरी त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर शिरतात. भिंतच त्यांना अडवते, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी लहरी सोडणारी केंद्रे एकमेकांच्या जवळ उभारावी लागतात.

मर्यादेचा एक दशांश कुठून आला, हेही वाचकाला कळायला हवे. २००८ मध्ये भारताने १९९८ ची आंतरराष्ट्रीय तत्त्वे जशीच्या तशी घेतली. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्र सरकारने वेगवेगळ्या मंत्रालयांची एक समिती नेमली. तिचा अहवाल २०११ च्या सुरुवातीला आला आणि सावधगिरी म्हणून मर्यादा एक दशांशावर आणावी, अशी तिची शिफारस होती. ०.४५ वॅटला शरीराला काहीतरी होते असा शोध कुठल्या प्रयोगशाळेत लागला आणि त्यावरून हा आकडा ठरला, असे झालेले नाही. तो सरकारचा धोरणात्मक निर्णय होता, दाट वस्तीच्या देशासाठी जास्तीची फट ठेवणारा. म्हणून ‘मर्यादा ओलांडली, आता कर्करोग’ हे लिहिणे चूक आहे, आणि ‘आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या आत आहे, मग तक्रार कशाची’ हे लिहिणेही चूक आहे. भारतातल्या टॉवरला भारताचा नियम लागू आहे. कंपनीने आंतरराष्ट्रीय तुलना पुढे केली, तर वार्ताहराने ‘भारतीय मर्यादेचे काय’ हा प्रतिप्रश्न विचारायला हवा.

इतर देशांचा उल्लेखही बातम्यांत अर्धाच येतो. ‘युरोपात शंभर पट कडक कायदे आहेत’ हे वाक्य अनेक वर्षे फिरत आहे. जर्मनीने १९९७ पासून आंतरराष्ट्रीय पातळीच लागू केली. स्वित्झर्लंडने २००० पासून घरे, शाळा, रुग्णालये अशा जागांसाठी एकेका केंद्रावर वेगळी, बरीच कडक मर्यादा घातली, पण एकूण तीव्रतेसाठी तिथेही आंतरराष्ट्रीय आकडाच आहे. इटलीत घरांसाठीचा आकडा दर मीटरला ६ व्होल्ट होता. २०२४ मध्ये तो १५ झाला. पोलंडमध्ये मर्यादा दर चौरस मीटरला ०.१ वॅट होती आणि २०२० मध्ये ती आंतरराष्ट्रीय पातळीवर नेली गेली. व्होल्ट आणि वॅट यांची थेट तुलना करू नये, हेही इथेच सांगायला हवे. व्होल्टचा वर्ग करून त्याला ३७७ ने भागले की वॅट मिळतात. ६ व्होल्ट म्हणजे सुमारे ०.१ वॅट, आणि भारताचे ०.४५ वॅट म्हणजे १३ व्होल्ट. हा भागाकार न केल्यामुळे चुकीच्या तुलना छापल्या जातात आणि पुढे त्याच उचलल्या जातात.

आता गच्चीवर येऊ. टॉवरच्या पट्टीसारख्या अँटेनातून लहरी चारी दिशांना सारख्या जात नाहीत. बॅटरीचा झोत असतो तशा त्या एका दिशेला, जवळजवळ आडव्या आणि किंचित खाली झुकून जातात. समजा, एका अँटेनाला २० वॅट शक्ती दिली आहे आणि झोतामुळे ती समोरच्या दिशेला पन्नास पट होते. मग समोर जणू १००० वॅटचा दिवा लावल्यासारखे होते. झोताच्या अगदी मधोमध साधारण १३ मीटरवर तीव्रता ०.४५ वॅट भरते, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या भारतीय मर्यादेइतकी. ५० मीटरवर ती ०.०३२ होते, मर्यादेचा साधारण चौदावा भाग. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते. म्हणून काही मीटरचा फरकही मोठा ठरतो. अँटेनाच्या थेट खालच्या मजल्यावर मात्र झोत पोहोचतच नाही, वरच्या स्लॅबमुळे उरलेलेही कमी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तसेच हे आहे. ज्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे तिथले रहिवासी घाबरलेले असतात, आणि खरी चौकशी करायला हवी ती समोरच्या इमारतीतल्या, अँटेनाच्या पातळीवरच्या गॅलरीची. छायाचित्रकाराने नेहमी टॉवरखालून वर बघत फोटो काढलेला असतो. अँटेनाचे तोंड कोणत्या खिडकीकडे आहे, हे त्यात दिसत नाही आणि मजकुरातही नसते.

हे अंतर लक्षात घेऊनच दूरसंचार विभागाने राज्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत इमारतींपासून अंतरे दिली. एकाच अँटेनाच्या टॉवरसमोर, अँटेनाच्या उंचीवर, २० मीटरच्या आत इमारत नसावी. बारा अँटेना असतील तर हे अंतर ७५ मीटर. मुंबई-ठाण्यात दोन इमारतींत वीस मीटर मोकळे असणे दुर्मीळच आहे. टॉवरची परवानगी देताना हे अंतर कोणी मोजले, हा महापालिकेला विचारायचा प्रश्न आहे. वार्ताहराने गच्चीवर जाऊन टेपने अंतर मोजले, तर त्यातून खरी बातमी निघू शकते.

मोजणीच्या बातम्यांतली सर्वांत मोठी चूक बेरजेची असते. मोजणीचे उपकरण तिपाईवर उभे असते, टोकाला गोलाकार संवेदक असतो आणि काही मिनिटांची सरासरी घेतली जाते. साधे उपकरण सगळ्या वारंवारतांचा मिळून एकच आकडा देते. तेवढ्याने मर्यादेच्या जवळपास काही दिसले, तर वारंवारतेनुसार वेगवेगळे वाचणारे उपकरण लावावे लागते. समजा, एका गच्चीवर ९०० च्या पट्ट्यात ९० मिलिवॅट, १८०० च्या पट्ट्यात १८० आणि २१०० च्या पट्ट्यात ३०० मिलिवॅट मिळाले. बेरीज ५७० होते. ९०० मेगाहर्ट्झची ४५० मिलिवॅटची मर्यादा समोर ठेवून ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असा मथळा लगेच तयार होतो. नियम मात्र वॅटची बेरीज करायला सांगत नाही, प्रमाणांची बेरीज करायला सांगतो. ४५० पैकी ९० म्हणजे २० टक्के, ९०० पैकी १८० म्हणजे २० टक्के, १००० पैकी ३०० म्हणजे ३० टक्के. एकूण ७० टक्के, म्हणजे मर्यादेच्या आत. याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक कंपनी स्वतःपुरती मर्यादेच्या आत असताना सगळ्यांची मिळून बेरीज १०० टक्क्यांपलीकडे जाऊ शकते. एका खांबावर चार कंपन्यांची उपकरणे असतील तर चौघांची वेगवेगळी पत्रे छापून भागत नाही. एकत्र बेरीज कोणी केली, ते विचारावे लागते.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारी छोटी यंत्रे घेऊन टॉवरसमोर उभे राहायचे आणि लाल दिवा कॅमेऱ्यात दाखवायचा, ही पद्धत वाहिन्यांनी थांबवावी. लाल दिवा कितीला लागावा, ते त्या यंत्राच्या उत्पादकाने ठरवलेले असते, कायद्याने नव्हे. अशा यंत्राचे अंशांकन (प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहणे) कुणी आणि कधी केले याचा कागद नसतो. वार्ताहराच्या खिशातला फोन, शेजारचा वायफाय, खालून जाणाऱ्या गाडीतला वायरलेस, या सगळ्यांवर ते फडफडते. दाखवायचेच असेल तर आकडा, एकक, वारंवारता, अंतर आणि अंशांकनाची तारीख पडद्यावर लिहावी.

कंपन्यांच्या बाजूच्या ज्या वाक्याने बातमी संपते, तेही तितकेच तपासण्यासारखे आहे. ‘सर्व नियमांचे पालन’ म्हणजे काय, तर कंपनीने स्वतः भरून दिलेले प्रमाणपत्र. त्याच्यामागे बऱ्याचदा गणित असते, प्रत्यक्ष मोजणी नसते. केंद्र सुरू करताना आणि त्यात बदल करताना हे प्रमाणपत्र द्यावे लागते. दूरसंचार विभागाची स्थानिक कार्यालये दहा टक्क्यांपर्यंत केंद्रांची अचानक तपासणी करतील, असे धोरण आहे, आणि २०१३ मध्ये उल्लंघनाचा दंड प्रत्येक केंद्रामागे ५ लाखांवरून १० लाख रुपये केला गेला. दहा टक्के तपासले म्हणजे नव्वद टक्के कंपनीच्या शब्दावर चालतात. या विभागाचे एक कार्यक्षेत्र मुंबई आहे आणि दुसरे उर्वरित महाराष्ट्र व गोवा. दोन्हीकडे गेल्या वर्षी किती केंद्रे तपासली, किती नापास झाली आणि किती दंड वसूल झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारणे कोणत्याही वृत्तपत्राला सहज जमण्यासारखे आहे. ही माहिती जिल्हावार आणि नियमित छापली गेली, तर कंपन्यांच्या त्या वाक्याला तोलून पाहायला वाचकाकडे काहीतरी असेल.

टॉवरच्या धाकात हातातला फोन विसरला जातो. त्याला वेगळी मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने हँडसेटसाठी दर किलोला १.६ वॅट ही मर्यादा घेतली, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. आधी ती दहा ग्रॅमवर २ वॅट होती. नवा आकडा अमेरिकेच्या नियमाप्रमाणे आहे. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबले, की त्या मॉडेलचा आकडा दिसतो. टॉवर दूर असला की फोनला ओरडून बोलावे लागते, जवळ असला की कुजबुजून भागते. फोर-जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्ती वापरतो आणि चांगल्या नेटवर्कमध्ये तीच कितीतरी पटींनी खाली आणतो. म्हणून सोसायटीने टॉवर काढायला लावला आणि घरात नेटवर्कची एकच रेघ उरली, तर कानाशी धरलेल्या फोनमधून डोक्याला मिळणारा वाटा वाढतो. टॉवर हटवल्याच्या आनंदाच्या बातम्यांत ही एक ओळ यायला हवी.

फोनच्या आकड्याचे वृत्तांकन कसे बिघडते, याचे उदाहरण सप्टेंबर २०२३ मधले आहे. फ्रान्सच्या नियामक संस्थेने आयफोन १२ ची विक्री थांबवली. हातात धरलेल्या किंवा खिशात ठेवलेल्या फोनसाठी तिथे दर किलोला ४ वॅटची मर्यादा आहे आणि तपासणीत ५.७४ मिळाले. अंगापासून थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या चाचणीत तोच फोन मर्यादेच्या आत होता. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून प्रश्न मिटवला. ‘आयफोनमधून धोकादायक किरणोत्सर्ग’ असे मथळे लागले. खरी बातमी वेगळी होती. एका नियामकाने बाजारातून फोन उचलला, स्वतः मोजला, आकडा जाहीर केला आणि कंपनीला दुरुस्ती करायला भाग पाडले. भारतातल्या दुकानातले किती फोन असे उचलून मोजले जातात, हा प्रश्न त्या आठवड्यात एका तरी वार्ताहराने विचारला असता, तर वाचकांचे भले झाले असते.

कर्करोगाविषयी सर्वांत जास्त काळजी लागते आणि तीच सर्वांत कमी घेतली जाते. ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रेडिओ लहरींना ‘२-बी’ गटात टाकले. ‘कदाचित कर्करोगकारक’ असा त्याचा अर्थ. पुरावा मर्यादित आहे, नाकारता येत नाही, सिद्धही नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. बातम्यांतला ‘कदाचित’ मथळ्यात गळतो. अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाचा उंदरांवरचा मोठा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नर उंदरांच्या हृदयात गाठींचे स्पष्ट पुरावे मिळाले. हे गंभीर आहे आणि लिहिलेच पाहिजे. त्याच वाक्यात हेही लिहायला हवे, की उंदरांना दिवसाचे नऊ तास, दोन वर्षे, सर्वांगावर दर किलोला १.५ ते ६ वॅट दिले गेले. जनतेच्या ०.०८ च्या मर्यादेच्या ही सुमारे १९ ते ७५ पट मात्रा आहे. लहरी मिळालेले नर उंदीर न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. या सगळ्यांतून एक निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मर्यादा उष्णतेच्या पुराव्यावर उभी आहे आणि इतर शंकांवर संशोधन चालू आहे, इतके वाचकाला सांगितले तर तो ते समजून घेऊ शकतो.

न्यायालयांच्या निकालांचीही हीच गत होते. २०१२ च्या अखेरीस राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा आणि रुग्णालयांजवळचे टॉवर हटवायला सांगितले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधला बीएसएनएलचा एक टॉवर बंद करायला लावला. घरकाम करणाऱ्या एका कर्करोगग्रस्ताची ती याचिका होती. दुसरीकडे टॉवरविरोधातले ग्रामपंचायतींचे ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केल्याची उदाहरणे आहेत. जून २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरोधातला अभिनेत्री जुही चावला यांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला आणि २० लाखांचा दंड केला. पुढच्या वर्षी खंडपीठाने तो २ लाखांवर आणला. त्या सुनावणीत कोणीतरी चित्रपटातले गाणे म्हटले, ही बातमी सगळीकडे झळकली. मर्यादेविषयी न्यायालयासमोर काय मांडले गेले, ते शोधावे लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने त्यांच्या दूरसंचार आयोगाला सुनावले, की १९९६ ची मर्यादा तशीच ठेवण्यामागची कारणे त्याने नीट दिलेली नाहीत. न्यायालयाने आकडा बदलला नाही, त्यामागची कारणे मागितली. भारतातल्या दूरसंचार विभागाकडे कारणे मागण्याचे काम मराठी वृत्तपत्रांनीही करावे. उद्योगाने ही मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीवर नेण्याची मागणी वेळोवेळी केली आहे. आकडा वर जावो वा खाली, त्यामागचा अभ्यास, आक्षेप आणि उत्तरे लोकांसमोर यायला हवीत, आणि त्या दिवशी ती बातमी आतल्या पानाच्या कोपऱ्यात जाऊ नये.

अफवांना जागा देताना तरी तारखा जुळवून पाहाव्यात. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची लाट फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे आली, असे संदेश गावोगावी फिरले. दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला, की देशात तोपर्यंत फाइव्ह-जीची चाचणी कुठेच सुरू झालेली नव्हती. सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. एका तारखेने अफवा मोडली असती.

शेवटची विनंती अगदी लहान आहे. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘तरंग संचार’ हे पोर्टल सुरू केले. परिसरातले टॉवर त्यावर पाहता येतात आणि ४००० रुपये भरून कोणताही नागरिक आपल्या जागेची मोजणी मागू शकतो, अशी सोय तेव्हा जाहीर झाली. मध्यमवर्गीय घराला ४००० रुपये जड जातात. वृत्तपत्राला ते जड नाहीत. पुढच्या वेळी एखाद्या सोसायटीतून किंवा गावातून टॉवरची तक्रार आली, तर वृत्तपत्राने स्वतः पैसे भरून मोजणी मागवावी, मोजणीच्या दिवशी वार्ताहराला गच्चीवर उभे करावे आणि अहवाल, त्यातल्या प्रत्येक वारंवारतेच्या आकड्यासह, मर्यादेच्या शेजारी ठेवून पहिल्या पानावर छापावा.



आपला नम्र,
एक नियमित वाचक